क्युसेक नको, फूट सांगा

मे संपत आला की नाशिकच्या भांडी बाजारात माळे रिकामे करायची लगबग सुरू होते. वर्षभर वर साचलेले खोके, जुन्या वह्या, मोडीत द्यायची पातेली खाली येतात. माळा झाडून-पुसून मोकळा करायचा, कारण पुढचे चार महिने ती जागा कधीही लागू शकते, रात्री दोन वाजतासुद्धा. दुकानातल्या तळाच्या दोन फळ्यांवर माल लावायचा नाही. कुकर, मिक्सर, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं जे जे असेल ते छातीच्या वर. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळं, बंब खाली राहिले तरी चालतात. पाण्यात बुडाले तर काळे पडतात, पण चिंच-मिठाने घासले की पुन्हा उजळतात. ही मांडणी मला सासऱ्यांनी शिकवली आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. सासऱ्यांच्या बोलण्यात कायम 1969चा पूर असायचा. माझ्या वाट्याला 2008, 2016 आणि 2019 आले.

तेव्हा गंगा येणार की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही. (नाशिकच्या जुन्या गावात गोदावरीला गंगाच म्हणतात.) ती येणारच. पावसाळ्यात एकदा-दोनदा घाटावरची पटांगणं धुऊन जाते आणि काही वर्षांनी एकदा बाजारात शिरते. आम्हाला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच की आज पाणी कुठवर चढेल आणि किती वाजता. या दोन गोष्टी वेळेवर कळल्या तर माल वाचतो, माणसं वाचतात, टपऱ्या वाचतात. त्या सांगण्याची सोय सरकारकडे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही आम्हाला त्या सांगितल्या जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

आम्हाला मिळतो तो क्युसेकचा आकडा. पावसाचा जोर वाढला की मोबाइलवर संदेश येऊ लागतात. गंगापूर धरणातून अमुक वाजता विसर्ग वाढवण्यात येत आहे, एवढ्याचा एवढा क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. तासाभराने दुसरा संदेश, नवा आकडा. घाटावर पोलिसांची गाडी भोंग्यावरून तेच सांगत फिरते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी. आकडा खरा असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो ऐकून माझ्या उंबऱ्याला पाणी लागेल की गुडघाभर आत येईल, हे मला कळत नाही. शेजारच्या सराफाला कळत नाही आणि घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींना तर मुळीच कळत नाही.

कळणार तरी कसं? धरणातून सुटलेलं पाणी हा रामकुंडापाशी येणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा असतो. धरणाच्या खाली जलालपूरजवळ आळंदी नदी येऊन मिळते. पुढे आनंदवलीपासून होळकर पुलापर्यंत शहराचे नाले दोन्ही बाजूंनी उतरतात. शहरात त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर सिमेंटच्या रस्त्यांवरून आणि पार्किंगच्या फरशांवरून सगळं पाणी थेट नदीत येतं, मुरायला जागाच उरलेली नाही. पात्रात गाळ किती साठलाय, पुलांच्या खांबांना पानवेली किती अडकल्यात, यावरही फरक पडतो. म्हणून एकाच विसर्गाला एका वर्षी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी असतं आणि दुसऱ्या वर्षी कमरेला.

हा मारुती म्हणजे आमचं खरं मोजमाप. रामकुंडाजवळ उभा असलेला, दोन्ही बाजूंनी तोंड असलेला हा उंच मारुती नाशिकच्या प्रत्येक पुराचा साक्षीदार आहे. पाणी त्याच्या पायाशी आलं की घाटावरची दुकानं उचलायची, कमरेला आलं की भांडी बाजाराने माल वर चढवायचा, छातीला आलं की सराफ बाजाराने तिजोऱ्यांकडे बघायचं. डोक्यावरून गेलं, जसं 2019 साली गेलं, की मग देवाचं नाव घ्यायचं. त्याहून जुनी खूण नारोशंकराच्या देवळाची. 1747 सालचं हे देऊळ, आणि तिथली घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून आलेली. पुराचं पाणी त्या घंटेला लागलं म्हणजे महापूर, असं जुनी माणसं सांगत.

मारुतीचं माप चांगलं आहे, सगळ्या गावाला समजतं, अडाण्याला आणि शिकलेल्याला सारखंच. पण ते झालेलं सांगतं, होणारं सांगत नाही. मारुतीच्या छातीला पाणी दिसतं तेव्हा ते चढलेलं असतं. आणि बाजारात तर त्याच्याही आधी शिरलेलं असू शकतं.

हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून सविस्तर सांगते. नवखा दुकानदार दाराशी वाळूची पोती रचतो, कारण पाणी घाटाकडून रस्त्याने येईल असं त्याला वाटतं. आमच्याकडे पाणी पहिल्यांदा येतं ते मागच्या मोरीतून. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागतात. मग गटाराचा वास. मग काळं पाणी हळूहळू फरशीवर पसरतं, आणि समोरचा रस्ता तेव्हा अजून कोरडा असतो. कारण जुन्या गावातून येणारा सरस्वती नाला या बाजारांच्या खालून जाऊन गंगेला मिळतो. गंगा चढली की तिचं पाणी नाल्याच्या तोंडावर दाबून बसतं. गावाच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही, ते आमच्या मोऱ्यांतून वर येतं. दहीपूल आणि सराफ बाजारात कित्येकदा धरणातून पाणी सोडलेलं नसतानाही दुकानांत पाणी शिरतं, ते याच नाल्यामुळे. तासभर धो धो पाऊस पडला की त्याला तेवढं पाणी झेपत नाही. क्युसेकच्या संदेशात या नाल्याचा उल्लेखही नसतो.

4 ऑगस्ट 2019ला रविवार होता, दुसऱ्या दिवशी नागपंचमी आणि श्रावणी सोमवार. श्रावणात पूजेची भांडी खपतात, म्हणून ताम्हनं, पंचपात्र्या, समया नुकत्याच भरून ठेवल्या होत्या. त्या दिवशी विसर्गाचा आकडा वाढतच गेला. प्रत्येक आकड्याला बाजारात चर्चा, की हा म्हणजे 2008एवढा की 2016एवढा? कुणी म्हणे उंबऱ्यापर्यंत येईल, कुणी म्हणे गल्ल्यापर्यंत. माल वर चढवायला हात लागतात, हमाल लागतात, आणि त्या दिवशी सगळ्या बाजाराला एकाच वेळी हमाल हवे असतात. जो दुकानदार गल्ल्यापर्यंत येईल असं धरून चालला त्याचं वाचलं. ज्याने उंबरा धरला तो बुडाला. दोघांकडे माहिती सारखीच होती, फरक निव्वळ अंदाजाचा. इतक्या मोठ्या बाजारपेठेचं नशीब असं अंदाजावर टांगलेलं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

पाणी ओसरल्यावरचं काम त्याहून वाईट. गाळ ओला आहे तोवर काढावा लागतो, वाळला की सिमेंटसारखा धरतो. परातीच्या काठाच्या वळणात, समईच्या आट्यांमध्ये, कुकरच्या झाकणाच्या रबरात तो जाऊन बसतो. समईचे आटे गाळाने भरले की ती पुन्हा नीट फिरून बसत नाही, ओढून बसवली तर आटे झिजतात. स्टीलच्या भांड्यावरचं कंपनीचं स्टिकर भिजून निघालं की ते भांडं नवंकोरं असूनही कुणी पूर्ण भावाने घेत नाही. मिक्सर तर गेलाच. पंचनाम्याला माणसं येतात, पण काळं पडलेलं पितळ दाखवलं तर 'हे घासलं की होईल' असं म्हणतात. ते घासायला किती कारागीर आणि किती दिवस लागतात, याचा रकाना कागदावर नसतो. राज्यात 2021च्या जुलैत पूर आले तेव्हा सरकारने नुकसान झालेल्या दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. ती मदत चांगलीच, नाही कोण म्हणेल? पण वेळेवर मिळालेली खरी सूचना माझ्या मते त्याहून मोलाची आहे, आणि तिला सरकारचा पैसाही फारसा लागत नाही.

कोल्हापूरला माझी नणंद दिली आहे. पावसाळ्यात तिचा फोन आला की ती क्युसेक बोलत नाही, फूट बोलते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. बंधाऱ्यावरचा फुटांचा आकडा वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, मोबाइलवर तासातासाला येतो. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं ते तिथं प्रत्येक घराला माहीत असतं. सांगलीत तसाच आयर्विन पूल. तिथं 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. म्हणून कोल्हापूर-सांगलीला पूर येत नाहीत असं नाही. 2019 आणि 2021ला त्यांनी जे भोगलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण तिथला माणूस 'आज रात्रीत आणखी दीड फूट' असं ऐकतो आणि त्याला नेमकं कळतं की गाय सोडायची की नुसता टीव्ही कपाटावर ठेवायचा. नाशिकमध्ये होळकर पुलापाशी नदीचं पाणी मोजलं जातं. तिथून किती विसर्ग वाहतोय हा आकडाही बातम्यांत येतो. पण तोही पुन्हा क्युसेकमध्येच! ज्या पुलापाशी उभं राहून पाण्याची उंची डोळ्यांनी दिसते, तिथला आकडासुद्धा आम्हाला उंचीत सांगत नाहीत.

आता कुणी म्हणेल की उंची सांगणं अवघड असतं, शास्त्राचं काम आहे. ते झालेलं आहे, हेच तर माझं म्हणणं आहे. 2008च्या पुरानंतर जलसंपदा विभागाने नाशिकची पूररेषा आखली. निळी रेषा 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या वर घेतलं तर परवानगी, असे नियम आहेत. आमच्या जुन्या गावातली कित्येक घरं आणि दुकानं या रेषांमध्ये अडकली, वाडे पडायला आले तरी पुन्हा बांधता येईनात, म्हणून त्या रेषांवर इथं बरीच भांडणंही झाली. त्या भांडणात मी आज पडत नाही. मला दिसतं ते इतकंच. अशी रेषा आखायची तर नदीचे ठिकठिकाणी छेद घ्यावे लागतात, आणि किती विसर्गाला कुठल्या छेदापाशी पाणी किती उंचीवर जाईल याचं गणित मांडावं लागतं. ते गणित केल्याशिवाय रेषा नकाशावर उमटतच नाही. म्हणजे 10 हजार, 20 हजार, 40 हजार क्युसेकला भांडी बाजाराच्या तोंडाशी पाणी कुठे असेल, याचा पाया सरकारच्या कपाटात आधीपासून आहे. पाण्याचं संशोधन करणारी मेरीसारखी संस्था याच शहरात, दिंडोरी रोडवर आहे. मला बांधकामाची परवानगी नाकारायला जे गणित चालतं, ते मला पुराची सूचना द्यायला का चालू नये?

मी हे एका कार्यालयात जाऊन विचारलंही. साहेब सज्जन होते, चहा विचारला. म्हणाले, "ताई, आकडे आम्ही वेळोवेळी टाकतोच की. तुम्ही मेसेज बघत जा." मी म्हटलं, मेसेज बघते, पण त्यात माझी गल्ली दिसत नाही. ते म्हणाले, "उंची सांगितली आणि चुकली तर लोक आम्हालाच धरतील."

ही भीती मी समजू शकते, पण ती मान्य करू शकत नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या या नदीच्या काठावर आहोत. अंदाज म्हणजे काय हे आम्हाला शिकवावं लागत नाही. 'भांडी बाजाराच्या तोंडाशी एक ते दोन फूट, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान' असं सांगा. शहरात पाऊस वाढला तर जास्त, हेही सांगा. एक फूट येईल म्हणालात आणि अर्धाच आला तर कुणी तुमच्या दारात येणार नाही, उलट नारळ फोडू. दोन फूट म्हणालात आणि तीन आला, तरी आम्ही निदान दोनपर्यंतचा माल हलवलेला असेल. आज मात्र संपूर्ण अंदाज आमच्याच माथी आहे, आणि तो चुकला तर भरपाईही आमच्याच खिशातून.

धरणाबद्दलही दोन शब्द. गंगापूर हे मातीचं धरण, शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर. त्याच्या सुरक्षिततेशी खेळ नको, दारं उचलायची वेळ आली की उचललीच पाहिजेत. त्याची साठवण मूळची सुमारे 7,200 दशलक्ष घनफूट होती, गाळ साठत जाऊन आता 5,630च्या आसपास धरतात. पोट लहान झालेलं धरण लवकर भरतं आणि अवेळी सोडावं लागतं. कुठल्या महिन्यात किती टक्के भरायचं याचं वेळापत्रक असतं, आणि जुलैतच फार पाणी सोडलं आणि पुढे पाऊस रुसला तर नाशिकच्या नळाला पाणी कुठून आणायचं, ही अधिकाऱ्यांची चिंता खोटी नाही. मात्र लवकर सोडलेलं पाणी वाया जातं हे मला पटत नाही. ते नांदूरमध्यमेश्वरवरून जायकवाडीतच जातं, जिथं 2005च्या समन्यायी वाटपाच्या कायद्याप्रमाणे तुटीच्या वर्षी ते नाहीतरी द्यावंच लागतं. निदान एवढं तरी करता येईल की हवामान खात्याने घाटमाथ्याला लाल इशारा दिला असेल तर विसर्गाची पहिली वाढ दिवसाउजेडी करावी. 25 जुलै 2024ला पुण्यात एकता नगरीतल्या लोकांनी पहाटे अंथरुणातून पाय खाली ठेवले ते पाण्यात. खडकवासला धरणाचा विसर्ग त्या रात्रीत वाढत गेला होता. गंगापूरचं पाणी रामकुंडावर यायला दोन-तीन तास लागतात. जाग्या माणसाला हे तास पुरतात, झोपलेल्याला नाही.

आमच्या दुकानातला कारागीर सायखेड्याचा. घाटावर पाणी चढलं की तो मारुतीपाशी जाऊन बघून येतो आणि घरी फोन लावतो, "इथं कमरेला आहे, जनावरं वर काढा." त्याच्या गावाला, चांदोरीला, गोदाकाठच्या सगळ्याच गावांना गंगापूरचं पाणी जातंच, शिवाय दारणेचंही येऊन मिळतं, आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा मागे रेटतो. 2019ला तिथली माणसं बोटींतून काढावी लागली. त्या गावांतल्या तरुणांनी पुरात उतरून माणसं बाहेर काढायची पथकं उभी केली आहेत, त्यांचं काम कौतुकाचं आहे. पण उसात आणि द्राक्षांत पाणी कुठवर घुसेल हे त्यांना अजून माझ्या कारागिराच्या फोनवरून कळावं? हा फोन शासनाने करायचा, आणि फुटांत करायचा.

सगळ्यांत कमी बोलता येतं ते घाटावरच्या लोकांना. माझ्या दुकानाला माळा आहे. बुधवारच्या बाजारात पाल टाकून बसणाऱ्या बाईला माळा नाही. पूजेचं सामान विकणाऱ्याची टपरी ओढून वर न्यायला माणसं लागतात, नाहीतर ती साखळीने बांधून तो देवावर हवाला ठेवतो. पडक्या वाड्यांत भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत, काझीच्या गढीच्या कडेला राहणारी आहेत. दर मे-जूनमध्ये त्यांच्या हातात धोकादायक घर रिकामं करा अशी नोटीस पडते. कुठे जायचं ते नोटिशीत नसतं, म्हणून ती माणसं जात नाहीत, आणि पाणी दारात आल्यावर पोरांना कडेवर घेऊन निघतात. बाहेरगावचे यात्रेकरू पटांगणात गाडी लावून दर्शनाला जातात. परत येतात तेव्हा गाडी तरंगत असते. असं दृश्य पाहिलं नाही असा नाशिककर विरळा. या कुणालाही क्युसेकचा उपयोग नाही.

आणि आता सिंहस्थ आला आहे. 31 ऑक्टोबर 2026ला ध्वजारोहण आहे, आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027ला, आषाढ अमावास्येला. नाशिकला 2016चा पूर आला तीही 2 ऑगस्टच होती, आणि त्या दिवशीही आषाढ अमावास्याच होती. दुसरं स्नान 31 ऑगस्टला, नाशिकचं तिसरं 11 सप्टेंबरला. 2008चा पूर 19 सप्टेंबरचा, पितृपक्षातला, रामकुंडावर पिंडदानासाठी लोक येतात त्या दिवसांतला. म्हणजे आपली पर्वणी आणि गंगेचा पूर यांचा मोसम एकच आहे, यात नवीन काही नाही. नवीन आहे ती गर्दी, आणि घाटांवरचं नवं बांधकाम. आखाडे येतील, देशभरातून भाविक येतील. त्यांना दुतोंड्या मारुती म्हणजे मोजपट्टी हे माहीत नसेल, मराठी भोंगा कळणार नाही. 2003च्या सिंहस्थात याच भागातल्या अरुंद रस्त्यांवर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्या गर्दीत खालून पाणी चढत असेल तर काय होईल, याची कल्पना मला करवत नाही. विसर्गाच्या कुठल्या टप्प्याला कोणतं पटांगण रिकामं करायचं, कोणत्या बोळाने लोक वर काढायचे, हे त्या दिवशी ठरवता येणार नाही. ते आधी ठरलेलं, छापलेलं आणि भिंतीवर रंगवलेलं असावं लागेल.

घाट बांधण्यावर, सुशोभीकरणावर पैसा जाईल. जाऊ दे. पण पात्रात आणखी काँक्रीट ओतून आणि काठ पुढे आणून नदीचं अंग चोरू नका, ही हात जोडून विनंती. पात्र अरुंद झालं की तेवढंच पाणी आमच्या दुकानात आणखी वर चढतं. हे कळायला अभियंता असावं लागत नाही, कुठल्याही दुकानदाराच्या भिंतीवरची ओल ते दाखवते. आमच्यातल्याही काहींनी ओटे पुढे घेतले, नाल्यावर फरशा टाकल्या, ते काढायला हवेत तर काढा. नियम सगळ्यांना सारखा लावला तर बाजार त्याच्या आड येणार नाही, असं मी आमच्या लोकांशी बोलून सांगते आहे.

जलसंपदा विभाग, जिल्हाधिकारी, महापालिका आणि कुंभमेळा प्राधिकरण या चौघांकडे माझं मागणं असं आहे. होळकर पुलापाशी मोठ्या आकड्यांची, दोन्ही काठांवरून वाचता येईल अशी फूटपट्टी रंगवा, आणि इशारा पातळी व धोका पातळी फुटांत जाहीर करा. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, कापड पेठ, गणेशवाडी, आणि खाली सायखेडा-चांदोरी इथल्या भिंतींवर 2008, 2016 आणि 2019ची पाणीपातळी कायमच्या रंगात लिहा. त्या खुणा आज म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवर आहेत, ती माणसं आहेत तोवर येऊन विचारून घ्या. आणि धरणातून पाणी सोडल्याच्या प्रत्येक संदेशात क्युसेकच्या पुढे एक ओळ वाढवा: कुठे, किती फूट, किती वाजता. पावसाळ्याआधीची एक बैठक कार्यालयाऐवजी आमच्या बाजारात घ्या. बसायला जागा आम्ही देऊ, रंग आणि शिडीही देऊ. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आत या.